कागद वडिलांचा, बंदूक भलत्याची

रोझमरी व्युथरिखने आमच्या गावच्या चीजच्या डेअरीत तीस वर्षं दुधाची कढई ढवळली. लग्न नाही, तक्रार नाही. वडील गेले आणि भावाने त्यांची लष्करातली बंदूक हिला न विचारता विकून टाकली. तेव्हापासून तिला एकच ध्यास: ती परत घरी आणायची. सहा वर्षं ती बाजारांत जुन्या बंदुकांचे दस्ते, खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग, उघडून बघत होती. दस्त्याच्या लोखंडी पट्टीखाली आमचे शिपाई नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवत. आमच्या लोकांचा पाद्र्यापेक्षा त्या चिठ्ठीवर जास्त विश्वास.

मार्चमध्ये ती बंदूक कवटाळून धापा टाकत माझ्या दारात. "ऊर्स, सापडली रे! ब्रुनोच्या दुकानात."

चिठ्ठीवर तिच्या वडिलांचंच अक्षर. तिच्या डोळ्यांत पाणी, आणि मी आपला नळी न्याहाळत बसलेलो. सेवा संपली की बंदूक शिपायालाच देऊन टाकत आणि ती आता खाजगी म्हणून तिच्या नळीवर 'पी' अक्षर ठोकत. शस्त्रागारात चोवीस वर्षं मी तेच केलं. तिच्या वडिलांची बंदूक तर ते जाईपर्यंत घरात टांगलेली. या नळीवर ठसाच नव्हता.

गप्प बसायला हवं होतं का? मला नाही जमलं; चिठ्ठी त्यांची, बंदूक नाही, हे सांगून टाकलं.

दोघंही ब्रुनोकडे गेलो. लाज कशाशी खातात हे त्या माणसाला ठाऊकच नाही. "अगं, तुझ्या बापाची चकाचक होती, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने उचलली. तू शोधत फिरतेयस हे सगळ्यांना माहीत. म्हटलं, चिठ्ठी वाया कशाला घालवा, दिली या दुसरीत घालून! खूश झालीस ना? मग बिघडलं कुठे?" वर पोट धरून हसला. मला शिसारी आली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा हा इसम, आणि आमच्या नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष म्हणून दर वर्षी आम्हीच याला हात वर करून निवडतो! त्या हातांचीही मला किळस वाटली. त्यांत माझाही होता.

 त्याच्याच पेचकसाने रोझमरीने पट्टीचे दोन्ही स्क्रू काढले, चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि बंदूक त्याच्यापुढे सरकवली.

"आता तुझं नाव लिहून घाल यात, ब्रुनो," ती म्हणाली. "बिनधास्त घाल. तुला शोधत कुणी यायचं नाही."