खुर्चीकाकांच्या बोटांचे ठसे

आम्ही त्यांना खुर्चीकाका म्हणायचो. परदेशात येऊन राहिलेल्या आमच्या मोजक्या घरांत प्रत्येक पुरुष कुणाचा तरी काका होता, त्यामुळे नेमका कोणता काका हे कळायला कामाचं नाव पुढे जोडावं लागे. एक बसकाका होते, एक औषधकाका होते, आणि हे खुर्चीकाका. जुन्या खुर्च्या नि सोफे उसवून नव्याने मढवायचं त्यांचं काम. गॅरेजसारखी एक लांबट खोली, भिंतीला टेकून उभे कापडांचे ताके, जमिनीवर स्पंजचा चुरा, आणि मधोमध एखादी पोट फाडलेली आरामखुर्ची. काका गुडघ्यांवर बसून तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायचे आणि एकेक चूक जिभेने ओठांवर आणून हातोडीच्या चुंबकी टोकाला लावायचे. त्यांची मुलगी माझी मैत्रीण. शाळेतून येताना आम्ही दोघी तिथे डोकवायचो, तेव्हा ते नुसती मान हलवायचे. माणूस मुळातच कमी बोलणारा, त्यात तोंडात खिळे.

काकू त्यांच्या अगदी उलट. इकडे येण्याआधी त्या बालवाडीच्या बाई होत्या. रडणारं मूल त्यांच्या कडेवर गेलं की गप्प होई. आमच्या घरातली सगळी लहान भावंडं सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडेच पडलेली असत. त्यांची एकच इच्छा होती, घरच्या घरी पाळणाघर काढायचं. घराच्या मागच्या बाजूला एक उजेडाची खोली होती. काकूंनी ती स्वतः फिकट पिवळ्या रंगाने रंगवली. काकांनी उरलेल्या स्पंजच्या छोट्या छोट्या गाद्या शिवल्या, त्यांना धुता येतील अशा खोळी घातल्या. आमच्या आईनेसुद्धा धाकट्याला तिथे ठेवायचं कबूल केलं होतं.

मग परवान्याच्या ऑफिसातून निरोप आला. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस चौकशी होईल, आणि त्यासाठी प्रत्येकाने बोटांचे ठसे द्यायचे. काकू दुसऱ्याच दिवशी जायला निघाल्या होत्या.

काका म्हणाले, "थांब जरा."

"कशाला थांबू?"

"भिंतीत ओल आहे. पोरं आजारी पडतील. लोक आपल्या नावाने खडे फोडतील."

ओल काढली, तर जिना उभा आहे म्हणाले. जिन्याला फाटक बसवलं, तर शेजारी कटकट करतील म्हणाले. मग त्यांची पाठ धरली. काकू आधी चिडल्या, मग रुसल्या, मग त्यांनी विषय सोडला. नवऱ्याला घरात परकी पोरं नको आहेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. गाद्या कुणाला तरी देऊन टाकल्या आणि त्या एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या कामाला लागल्या. दिवसभर उभं राहायचं काम. पिवळ्या खोलीत कपाट आलं, मग इस्त्रीचं टेबल आलं, आणि ती खोली इतर खोल्यांसारखी झाली.

वर्षं गेली. मैत्रिणीचं लग्न झालं. जावई शांत स्वभावाचा, शाळेत गणित शिकवणारा. त्या दोघांनी काका-काकूंनाही सोबत घेऊन एक मोठं घर केलं. मूल होत नव्हतं. औषधं, दवाखाने सगळं करून झाल्यावर त्यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. त्यांनी खिडक्यांच्या कड्या तपासल्या, न्हाणीघर बघितलं, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि जाता जाता काका-काकूंना सांगितलं, "घरातल्या चौघांचेही ठसे लागतील. तुम्ही दोघं दुसऱ्या देशातून आलात, तर ठसे तिकडेही पाठवावे लागतील. तिकडचा दाखला आला की झालं."

त्या रात्री जेवताना काका म्हणाले, "मी विचार करतोय, वर्कशॉपच्या वरची खोली रिकामी आहे. मी तिकडे राहायला जातो."

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"का?" मुलीने विचारलं.

"बाळ येणार. घरात गर्दी कशाला?"

"बाबा, एवढ्या मोठ्या घरात तुमची गर्दी होते?"

"मी फार लांब नाही जाणार. रविवारी येईन की."

मुलगी उठून उभी राहिली. "तुम्हाला ते मूल आपलं वाटणार नाही, असं सरळ सांगा ना. खोलीचं निमित्त कशाला?"

आपल्या बोलण्याचा असा अर्थ निघेल हे काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते म्हणाले, "तसं नाही गं. माझे ठसे घेतले तर तुम्हाला मूल मिळणार नाही." आणि मग त्यांनी जे उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते पानावर बसूनच सांगितलं.

ते तरुण होते, नुकतेच कामाला लागलेले. सिनेमाच्या तिकिटांच्या रांगेत उभे असताना पुढे कुणाची तरी बाचाबाची झाली, काचा फुटल्या. पोलीस आले आणि रांगेत जो सापडला त्याला गाडीत घातलं. चौकीत सगळ्यांची बोटं काळ्या शाईत बुडवून कागदावर टेकवली. शाई पुसायला घासलेटाचा बोळा पुढे करत एक शिपाई हसत म्हणाला, "हे कागद वर जातात बरं का. आता तू कुठेही जा, तुझी बोटं तुझ्या आधी पोचणार." सकाळी मोठे साहेब आले आणि त्यांनी सगळ्यांना दम देऊन घरी हाकललं. एवढंच.

"पण पासपोर्ट मिळाला ना तुम्हाला?" जावयाने विचारलं.

"तेव्हा नाव तपासलं. बोटं कुणी मागितली नाहीत. मला वाटलं, नाव निसटलं, बोटं नाही निसटणार. परत पाठवतील, हिची नि पोरीची फरफट होईल. म्हणून इथलं नागरिकत्वसुद्धा कधी मागितलं नाही."

काकूंनी हळूच विचारलं, "म्हणजे पाळणाघराच्या वेळी ओल, जिना, शेजारी... सगळं हेच होतं?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"तोंडात चुका धरायची सवयच तुम्हाला," काकू म्हणाल्या. कुणी हसलं नाही. त्यांनी ताटं उचलली आणि आत गेल्या.

जावयाने एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नोंद असेल तर असेल, पण लपवू नका. आधी ठसे द्या." म्हणून चौघंही गेले. झेरॉक्सच्या दुकानावर एक लहानसं ऑफिस होतं. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक काचेचं मशीन, आणि तिकडे पाठवायच्या कार्डासाठी शाईचं पॅड. ठसे घेणारी मुलगी वयाने माझ्या मैत्रिणीपेक्षाही लहान. तिने काकांचं बोट धरलं आणि म्हणाली, "हात सैल सोडा. तुम्ही फिरवू नका, मी फिरवते." काकांचा हात लाकडासारखा ताठ. दोनदा तीनदा घेतलं, तरी मशीन घेईना. कार्डावर तर नुसते काळे ठिपके उमटले.

"काय काम करता?"

"खुर्च्या मढवतो."

तिने बोटं उजेडात धरून बघितली. सुतळी ओढून, तागाचे पट्टे ताणून, गोंद खरवडून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. "पुसल्या का?" काकांनी विचारलं. त्या प्रश्नात थोडी आशा होती, असं त्यांनीच मला पुढे हसत सांगितलं.

"पुसल्या जात नाहीत. हाताला आराम द्या, मलम लावा, वर येतील. थोड्या दिवसांनी या."

म्हणून काका आयुष्यात पहिल्यांदा काही दिवस घरी बसले. घरी काकू त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. वेळ जाईना. एक दिवस काकू डबा विसरून गेल्या तसे काका तो घेऊन लाँड्रीत गेले. इतकी वर्षं त्यांनी बायकोला फाटकापाशी सोडलं होतं, आत पाऊल टाकलं नव्हतं. आत वाफ, आणि मशीनचा असा आवाज की माणसाने माणसाशी ओरडूनच बोलावं. मोठ्या गरम रोलरमधून चादरी बाहेर पडत होत्या. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला एक धिप्पाड बाई. दोघी टोकं धरून एकमेकींकडे चालत येत, घडी घालत, वाकून ढिगावर ठेवत, परत मागे जात. प्रत्येक वेळी वाकताना काकू डाव्या गुडघ्यावर हात दाबत होत्या. काका दारात उभे राहून बघत राहिले.

जेवणाची सुट्टी झाली. त्या धिप्पाड बाईची छोटी मुलगी गाठोड्यांवर बसली होती. शाळेला सुट्टी, घरी बघायला कुणी नाही. काकूंनी हात पुसले, एक नॅपकिन घेतला, दोन दुमडी घातल्या आणि कान उभारलेला ससा तिच्या मांडीवर ठेवला. पोरगी खिदळली. काकूही हसल्या, आणि तेवढ्यात त्यांना दारात नवरा दिसला. हसू मावळलं. त्या उठून आल्या आणि डबा घेतला.

"किती वर्षं दुखतोय हा गुडघा?" काकांनी विचारलं.

"आता विचारताय?" एवढंच बोलून त्या परत आत गेल्या.

काका घरी चालत आले, बसने नाही. वाटेत एका बाकावर बसून खूप रडले, असं त्यांनी मला सांगितलं. मला ते ऐकताना कुठे बघावं कळेना.

रेषा वर आल्या. दुसऱ्यांदा ठसे नीट उमटले. मग वाट बघण्यात काही महिने गेले. घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे, पण टपाल आलं की सगळ्यांची नजर आधी काकांकडे जाई. अखेर तिकडचा दाखला आला. जावयाने तो मोठ्याने वाचला. एका ओळीचा मजकूर होता. यांच्याविरुद्ध काहीही नोंद आढळली नाही. आजही नाही, पूर्वीही नाही.

मुलीने बाबांना मिठी मारली. जावई हसत म्हणाला, "त्या साहेबांनी सकाळीच कागद फाडून फेकला असणार!" काका हसले नाहीत. त्यांनी दाखला हातात घेतला, उलटून मागची बाजू पाहिली, तिथेही काही नव्हतं. "काहीच नव्हतं म्हणजे," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. काही सापडलं असतं तर निदान आपण एवढं घाबरलो ते कशाला, याला काही उत्तर असतं.

संध्याकाळी काकू बागेतल्या पायरीवर बसल्या होत्या. काका शेजारी जाऊन बसले.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"तुम्ही घाबरलात ते चुकलं नाही," काकू म्हणाल्या. "वीस वर्षांचं पोर, घाबरणारच. पण मला सांगितलं असतंत, तर दोघं मिळून घाबरलो असतो. दोघं मिळून कुणाला तरी विचारलं असतं. तुम्ही एकट्यानेच घाबरलात, आणि मी इकडे समजत राहिले, यांना मुलांचा तिटकारा आहे."

अंधार पडेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

पुढच्या वर्षी घरात तीन वर्षांची मुलगी आली. पहिले काही दिवस ती कुणाकडेच जाईना, मग काकूंना चिकटली ती चिकटलीच. काकूंनी लाँड्री सोडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण जमिनीवर बसणं कायमचं बंद झालं. नातीला खेळवायचं ते खुर्चीवर बसून, पडलेलं खेळणं उचलून द्यायला काका.

एकदा सगळे बसलेले असताना काकांनीच विषय काढला. "खालची खोली मोकळी आहे. अजून पाळणाघर काढता येईल. उचलाउचल मी करीन, मदतीला एखादी बाई ठेवू. गाद्या मी चार दिवसांत शिवतो. परवान्याचं मी विचारून आलोय."

मुलीला कल्पना फार आवडली. जावयालाही. काकू नातीचे केस विंचरत होत्या, विंचरतच राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या.

"गुडघ्यामुळे?"

"गुडघा आहेच. पण तेव्हा मला हवं होतं. आता तुम्हाला हवंय, तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून. त्यासाठी लोकांची पोरं नाही सांभाळायची मला."

आवाजात राग नव्हता, असं काका सांगतात. राग असता तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. हे सगळं त्यांनी मला वर्कशॉपमध्ये सांगितलं. मी माझी जुनी खुर्ची घेऊन गेले होते. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बरोबरच बोलली ती," आणि कापडाचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "घट्ट धर हं, सोडू नकोस."