शर्यतीचं शर्यतीनं भागवायचं

दाजी गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला. वेल्ह्याच्या शाळेत मी चौथीच्या पोरांना वजाबाकी घालत होतो. दारात छत्री मिटत तो म्हणाला, "मास्तर, उत्रोलीहून सांगावा हाय. तुमचं दाजी सकाळी गेलं." पाऊस लागलेला, ओढ्यांना पाणी आलेलं, त्यात नसरापूरला गाडी बदलायला ताटकळत बसलो. उत्रोलीत पोचलो तेव्हा मंडळी सगळं उरकून, ओढ्यावर आंघोळी करून परतत होती. थोरल्या बहिणीचा नवरा, ज्याच्या घरी पंधरा वर्षं हक्कानं जेवलो, त्याचं तोंडही मला दिसलं नाही. आता तीन महिने होत आले. लिहून काय होणार आहे कुणास ठाऊक, पण दुसरं काही हातात नाही.

भोरकडच्या जत्रांतून दाजींना लोक ओळखत ते पाखऱ्या आणि सोन्याचे मालक म्हणून. ही त्यांची शर्यतीची जोडी. सरळ रानात दोन छकडे शेजारी-शेजारी सोडायचे, निशाणापाशी जो आधी पोचेल तो जिंकला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळा खेळ संपतो, आणि तेवढ्यासाठी वर्षभर बैलांना अंडी, तूप, हुलगे चारायचे. जोडी दारात आली त्या दिवशी आक्कानं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि माझ्यादेखत दाजींना सांगितलं, "बैल ठेवा, माजं काय न्हाई. पर शर्यतीचं शर्यतीनंच भागवायचं. माज्या कणगीतला दाणा त्यात गेला, की जोडी बाजारात." दाजी हसत "कबूल" म्हणाले. "दत्तू, तू मास्तर हाईस. दरसाली तूच बगायचं," आक्का म्हणाली. असा मी नको त्या पंचाईतीत सापडलो.

मे महिन्यात जत्रांचा हंगाम संपला की मी वही घेऊन उत्रोलीला जायचो. बक्षिसं दाजींना तोंडपाठ असत. खर्च मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे, तो आक्का चुलीपासून ओरडून सांगायची. "अंडी धर, दत्तू!" "अगं, अंडी घरच्या कोंबड्यांची," दाजी म्हणत. "मग घरच्या कोंबडीची अंडी भोरच्या बाजारात फुकट देत्यात व्हय?" दुष्काळाच्या साली शर्यती भरल्याच नाहीत, तरी अंडी चालूच होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हरण्यापेक्षा जिंकणंच महाग पडतं. हरलं तर मुकाट्यानं घरी यायचं. जिंकलं तर गुलाल, ताशेवाले, सोबत आलेल्या गाडीभर माणसांना मटण-भाकरी, शिवाय हरलेल्या जोडीच्या मालकाला दाजी स्वतःच्या हातानं फेटा बांधत. बक्षीस म्हणून मिळे एखादी पितळी घागर आणि थोडे रुपये. ते रुपये उत्रोलीची वेस दिसायच्या आत संपत. शेवटच्या फेरीत हरणाऱ्या, दुसऱ्या नंबराच्या जोडीला मात्र बक्षीस असे आणि जेवणावळ नसे. मोठा शोध लागल्यासारखा मी म्हणालो, "दाजी, तुम्ही दुसरा नंबर काढत जा. त्यात फायदा आहे." दाजी अगदी कळवळून म्हणाले, "पर मास्तर, ते बैलाला कसं सांगायचं?" मी वही मिटली आणि आक्काला सांगितलं, "भागतंय बऱ्यापैकी." खोटं होतं ते. तिलाही कळत असावं. पण जोडी विकली तर हा माणूस उभ्या उभ्या सुकेल, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

खरी मेख भातात होती. आमच्याकडे खाचरात चिखल करायचं काम पैऱ्यानं होतं. आज तुझे बैल माझ्या खाचरात, उद्या माझे तुझ्या. पण शर्यतीचा बैल चिखलात घालत नाहीत. पाय ओढत चालायची सवय लागली की त्याची चाल गेली म्हणतात. मग ज्याचे बैल खाचरात उतरत नाहीत त्याच्याशी पैरा कोण करणार? गोठ्यात दोन तगडे बैल असून दाजी चिखलणीला भाड्याचे बैल आणत, आणि आक्का ते भाडं शर्यतीच्या खर्चात धरायला लावी. दरसाल सगळं तिथेच बुडायचं.

गेल्या साली रोपं लावणीला आली, वर झोडपून पाऊस, आणि ऐन वेळी भाड्याच्या जोडीतला एक बैल लंगडा झाला. आक्का म्हणाली, "घाला की आपलंच. दोन दिसांत काय मरत न्हाईत." दाजी उठून गोठ्यात गेले. बराच वेळ तिथंच उभे राहिले… आणि बाहेर आले ते कुदळ घेऊन. चार खाचरं त्यांनी कुदळीनं फोडली, पायानं तुडवली. आक्का दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पदर खोचून तीही चिखलात उतरली. मला हे कळलं यंदाच्या मे महिन्यात, वही उघडून बसलो तेव्हा. भाड्याच्या ओळीत लिहायला काहीच नव्हतं. बेरीज केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजू सारख्या आल्या. दाजींनी मांडीवर थाप मारली. "बगा मास्तर! शर्यतीचं शर्यतीनं भागलं! आता भाड्याचं बैल आणायचंच न्हाईत." त्यांचे तळहात मला दिसत होते, भेगा पडलेले. हिशेबात काय धरायचं राहिलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण इतका खूश झालेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. खाली रेघ मारली आणि मुकाट सही केली.

यंदा आषाढात त्यांनी पुन्हा कुदळ घेतली. या खेपेला आठ दिवस पाऊस हटला नाही. अंगात ताप असताना चिखलात उतरले, मग खोकला, मग छाती भरली. भोरच्या डॉक्टरांनी सुया दिल्या आणि मान हलवली. त्या कष्टानंच ते गेले असं मी म्हणत नाही, पावसाळ्यात तापानं माणसं जातात. पण आक्का माझ्याकडे पाहते तेव्हा मला तिच्याकडे पाहवत नाही. पंच मी होतो. एक शब्द बोललो असतो तर… पण असं म्हणण्यात आता काही राम नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा आक्का म्हणाली, "जोडी दे कुणाला तरी. मला बगवत न्हाई." मी साताऱ्याकडचा एक व्यापारी गाठला, सौदा ठरवला, इसार घेतला. इसार घेतल्यावर आमच्याकडे शब्द फिरवत नाहीत. तो दुसऱ्या दिवशी दुपारी बैल न्यायला यायचा होता. सकाळी आक्का आणि मी त्यांना पाण्यावर घेऊन निघालो. गावामागं एक लांबट माळ आहे. दाजी रोज तिथं दोर सोडून बैलांना पळू द्यायचे, हे मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. माळ आला तसे दोघे थांबले, कान टवकारले. आक्कानं दोर ओढून पाहिले, पण कुठले ऐकतात! दोर तिच्या हातातून सुटले आणि पाखऱ्या-सोन्या खांद्याला खांदा लावून असे निघाले, की ओली माती आमच्या अंगावर उडाली. टोकाच्या बाभळीपाशी थांबले, वळले, आणि धापा टाकत आमच्या दिशेनं पाहत राहिले.

आक्का दोन्ही हात तसेच पुढे धरून उभी होती. शर्यतीला बायका जात नाहीत. सात वर्षं तिनं त्या बैलांना चारलं, धुतलं, पण पळताना कधी पाहिलं नव्हतं. "एवढं पळत्यात व्हय रं?" ती म्हणाली. मग बाभळीवरची नजर न काढता म्हणाली, "मला एकदा तरी न्यायचं हुतं की ह्यांनी…" इसाराचे पैसे माझ्या खिशात होते.