फ्रीजवरची साडी

पनवेलच्या एका लहान संस्थेत मी काम करते. देणगीदारांना, ते ज्यांना मदत करतात त्यांच्या घरी घेऊन जाते. माझं कॉलेज अशाच कुणाच्या तरी मदतीवर झालं. घरातली पहिली पदवी माझी. त्यामुळे देणगीदाराची नजर घरभर फिरायला लागली की आजही मला आमचंच घर तपासलं जातंय असं वाटतं.

त्या दिवशी सोबत कामोठ्याच्या एक मॅडम होत्या. तळोज्याजवळच्या गावातल्या एका शाळकरी मुलीचं इन्सुलिन त्या पुरवत होत्या. खोलीत शिरलो आणि मला कोपऱ्यातला फ्रीज दिसला. मुलीच्या आईने त्यावर वरपासून खालपर्यंत साडी टाकली होती. फ्रीज दिसला तर यांना गरज नाही असं वाटेल, ही धास्ती.

"ते काय आहे?" मॅडमनी विचारलंच.

आईने साडीचं टोक आणखी खाली ओढलं. आजी म्हणाली, "फ्रीज हाय गो बाय. सुनेनं साडी नेसवलीय, कुंकू लावायचा राहिलाय."

कुणीच हसलं नाही. मॅडमचा चेहरा आक्रसला. आता औषध बंद झालं तर या पोरीचं काय, एवढंच माझ्या डोक्यात.

तेवढ्यात लाईट गेली. मे महिना, वर पत्रा. मुलगी धावत जाऊन फ्रीजला पाठ लावून उभी राहिली.

"कोनी दार उघडू नका!"

"अगं, थोडं गार पाणी..." मॅडम म्हणाल्या.

"नाय! गारवा जाईल. आत माझा औषध हाय."

मग आई बोलली. फ्रीज जुना, भावाने दिलेला. "परवा लाईट गेली ती लवकर आलीच नाय. बाटल्या पिशवीत बांधून माठात ठेवल्या. नंतर त्यातलाच औषध पोरीला टोचला. औषध खराब झाला का चांगला हाय, मना कसा कळनार?"

मॅडम उठल्या. साडी सरकवून त्यांनी दारावर हात ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग त्या मुलीशेजारीच उभ्या राहिल्या, थांबलेल्या पंख्याकडे बघत. घामाने त्यांची पाठ भिजली, तरी हलल्या नाहीत. फ्रीज हादरून सुरू झाला तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच श्वास सोडला.

इन्सुलिन चालू आहे. पण आता मॅडमचे फोन येतात. "आमच्याकडे लाईट गेलीये. तिकडे आहे का गं?"

मी लगेच त्या आईला फोन लावते. रिंग वाजत राहते, आणि ती उचलेपर्यंत माझे हात गार पडलेले असतात.