मी विझवलेला वणवा

गाडी शहापूरच्या बाजारात शिरली तोवर मी दोनदा रस्ता चुकलो होतो. ठाण्याहून नाशिक रस्त्याने सरळ यायचं, त्यात चुकण्यासारखं काही नाही. पण कुणाला वाट विचारणं मला चौऱ्याहत्तराव्या वर्षीही जमत नाही. शेजारी बसलेली माझी बायको सुधा म्हणाली, "लिहिताना याला आडवाटेची ओढ म्हणा. लोक वाखाणतील."

टोमणा रास्त होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं याच भागातून फिरलो आणि मी दिवाळी अंकात लेख लिहिला. मी एकट्याने जंगलातला वणवा विझवल्याचा तो लेख पुढे कितीतरी कार्यक्रमांत मी वाचून दाखवला. सुधा दर वेळी पहिल्या रांगेत बसून पदराशी चाळा करायची. त्यातलं खोटं निस्तरायला आता निघालो होतो. ती साक्षीदार म्हणून सोबत होती.

पहिली दुरुस्ती तानशाला झाली. लेखात मी धरणाच्या भिंतीवरून सूर्यास्त पाहिला आहे. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "परवानगी नाय तर आत नाय, बाबा."

"पूर्वी सोडायचे का हो?" सुधाने मुद्दाम विचारलं.

"तेवा पन नाय, आजी. मुंबईचं पिण्याचं पानी हाय."

तेव्हाही आम्ही इथूनच परतलो होतो. सूर्यास्त मी घरच्या गच्चीवरचा वापरला.

शहापूरला परत येऊन स्टँडजवळ वडे खाल्ले आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मात्र मी लिहिला त्याहून देखणा आहे. मे महिन्यात सागाला पान नसतं, म्हणून खोडांमधून थेट सह्याद्रीची भिंत दिसते. मोहाला तांबूस पालवी होती. एका वळणावर एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. दोन द्रोण मी गाडी चालवता चालवता संपवले. सरळगाव येईपर्यंत पांढऱ्या सदऱ्यावर जांभळे डाग पडले होते. माफी मागायला निघालेला माणूस निदान स्वच्छ असावा, असं सुधाचं मत पडलं.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जाणाऱ्या जीप भरत होत्या. वणव्याची ती घटना घडलेल्या पाड्याची वाट सुधानेच एका जीपवाल्याला विचारली. "म्हसा गावाच्या अलीकडं, विहिरीपाशी वळा," तो म्हणाला. "पन घरात कोन नसंल. राबाचा टाइम हाय."

राब (भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी भाजून घेणं) हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता. शेण, कवळ (तोडून वाळवलेल्या डहाळ्या), गवत आणि वर माती, असे थर देऊन ते पेटवतात. भाजलेल्या जागेत तण उगवत नाही, रोप जोमदार येतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मला झाडांमागे फक्त धूर दिसला. चारपाच माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन भोवती उभी होती, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. मी पुढे लिहिलं की अडाणी गावकरी आगीची पूजा करत होते. झोपडीच्या दारात भरलेले हंडे होते. मी ओरडत धावलो आणि एकेक करून चार हंडे त्या आगीवर ओतले. कुणी अडवेपर्यंत अर्धा राब विझला होता.

आता त्याच शेतात साठीची एक बाई राबावर माती पसरत होती. नाव यमुनाबाई, ते नंतर कळलं. तिने आधी माझा सदरा पाहिला, मग चेहरा.

"हंडेवालं ना तुमी?"

मी होय म्हणालो.

"आज हंडे घरात हायेत. बसा."

तिने कोरा चहा दिला. मी लेखाबद्दल सांगितलं. तिला तो माहीतच नव्हता. गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं, हे लक्षात आलं आणि क्षणभर मोहही झाला.

"वाचा की," ती म्हणाली.

मी पिशवीतून तो जुना अंक काढून वाचू लागलो. "अडाणी" या शब्दापाशी थांबलो. सुधा म्हणाली, "थांबू नका. इतकी वर्षं कुठे थांबलात?"

यमुनाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. "भारी लिवलंय," ती म्हणाली. "माजी सासू रडत होती, ते कुटं हाय?"

"ते लिहिलं नाही."

"म्हयनाभर ती कवळ डोईवर आनत होती. मंग तुमी पानी वतलं. त्या साली रोपापरीस तणच जास्त."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"मी कोन माफ करनार? राब तिचा होता. ती नाय आता." तिने कप उचलले. "लिवता येतं ना तुमाला? मंग तिचं लिवा. ठकीबाई नाव होतं."

परतीच्या वाटेवर सुधा एकदाही टोमणा मारेना, तेव्हा मला जास्त जड गेलं. प्रवासवर्णनाच्या शेवटी मी पूर्वी निसर्गाने काय शिकवलं ते लिहीत असे. या वेळी एवढंच लिहितो. म्हशाच्या अलीकडे त्या सकाळी वणवा नव्हता. ठकीबाईंचा राब होता. तो मी त्यांच्याच पिण्याच्या पाण्याने विझवला. ठकीबाई बांधावर बसून रडत होत्या, आणि गाडीत बसताना मी ते पाहिलं होतं.