फायटरची सोबत

बोईसरला शोभेच्या माशांचं दुकान चालवणारा तो सातपाटीचा माणूस, फायटर मासा मागितला की आधी विचारायचा, "टाकीत दुसरं कोण हाय?" गप्पी मासे म्हटलं की द्यायचाच नाही. "लांब शेपटी दिसली की हा फाडतो."

आई गेल्यावर घरात मी आणि तिचा फायटर उरलो. त्याला सोबत हवी म्हणून मी दुकानात गेलो. त्यानं तळाशी चरणारे सहा शांत मासे दिले. संध्याकाळी स्वतःच सरावलीला माझ्या घरी आला आणि जमिनीवर बसून तासभर टाकी बघत राहिला. फायटर कुणाच्या अंगावर गेला नाही.

"जमेल त्यांचं," तो उठत म्हणाला. दारात चपला घालताना त्यानं विचारलं, "तुमी जेवले काय?"

आई गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं.