दोलिनाच्या गावचा माणूस

पहिली मोठी लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली असतील. मी पावसला मास्तर होतो. कातळाचा अभ्यास करणारा एक गोरा पाहुणा रत्नागिरीहून आमच्याकडे आला, आणि मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी येतं म्हणून मला त्याचा दुभाष्या केलं. सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, तो बुटाची टाच आपटत चाले आणि खालून पोकळ आवाज आला की पोरासारखा हसे. त्याचं नाव मला तेव्हाही धड उच्चारता आलं नाही.

चिरे काढणाऱ्या एका गड्याने त्याला कातळातला खोल खळगा दाखवला. कितीही पाऊस पडो, सगळं पाणी तो पिऊन टाकतो. पाहुण्याने टोपी काढली आणि तो काठावर बसला.

"दोलिना," तो म्हणाला. "आमच्या भाषेत दोलिना म्हणजे साधं खोरं. जर्मन पंडितांनी तो शब्द नेला आणि फक्त अशा खळग्याला ठेवला. आता फ्रेंच, इंग्रज, सगळ्यांच्या पुस्तकांत तो त्याच अर्थाने आहे." मग काठावरचं गवत हाताने सारखं करत म्हणाला, "लढाईनंतर सरहद्द सरकली आणि आमचं गाव इटलीत गेलं. आता माझी मुलगी शाळेत आमच्या भाषेत बोलली, की मास्तर तिला छडी मारतो."

"काय म्हंतो सायब?" गड्याने मला विचारलं.

त्याचा पोरगा माझ्याच वर्गात होता. घरची बोली तोंडातून निघाली की त्याच्या हातावर माझी छडी बसायची.

"त्यांच्याकडेही असा खळगा आहे म्हणतात," मी सांगितलं.