शालनताई वायरिंगवाल्या

गाडीचे दिवे दहा मिनिटं लावून ठेवायचे आणि मग बल्बमागच्या तारेवर दोन बोटं टेकवायची, ही शालनताईंची पद्धत. आजारी लेकराच्या कपाळाला हात लावावा तशी. तार गरम लागली की म्हणायच्या, "हिला ताप हाय. गाडी न्हाई देनार."

नवऱ्यामागे नेरे फाट्यावरचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान त्यांनी एकटीने चालवलं. मी हिंजवडीत नोकरीला. माझ्या जुन्या गाडीसाठी जवळजवळ दुप्पट वॅटचे बल्ब घेऊन गेलो, तर त्यांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत.

"दिवा मोठा आन् तार तीच बारीक? वितळंल की वो! जाड तार वडू, रिले आन् फ्यूज बसवू. दोन दिस गाडी ठिवा."

मला घाई होती. महाळुंग्याजवळ एकाने दहा मिनिटांत बल्ब बसवून दिले.

पुढच्या रविवारी सकाळी आईला घेऊन मुळशी धरणाकडे निघालो. धुकं दाट होतं, दिवे झगझगीत, मी खूश. पौड ओलांडलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॉनेटच्या फटीतून धूर निघाला, दिवे विझले. गाडी कडेला घेऊन मी शालनताईंनाच फोन लावला.

"गाडी बंद करा. आदी आईला भाईर काडा, लांब बशिवा. बॉनेटला हात लावू नका. आले मी."

आईच्या सीटचा पट्टा सुटेना. कसाबसा सुटला.

तासाभराने त्या स्कूटरवरून आल्या. धूर थांबला होता. बॅटरीची तार सोडवून त्यांनी वितळलेला होल्डर बाहेर काढला.

"काय झालं हो बाई?" आईने विचारलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "जुनी गाडी हाय, मावशी. तार जळाली."

मी खाली मान घालून उभा राहिलो.

दोन दिवसांनी दुकानात मी म्हणालो, "ताई, रागवा तरी."

नवी जाड तार बसवता बसवता त्या म्हणाल्या, "रागवायला तुमी म्होरं हायसा, हेच लई झालं."

गेल्या महिन्यात त्या गेल्याचा फोन आला. त्या दिवशी मी आईला सगळं खरं सांगितलं. ती उठली. मग आत जाऊन साडी बदलून आली आणि चपला घालत म्हणाली, "चल, नेऱ्याला जाऊ. तिला नमस्कार करायचा राहिलाय."